लेकीच्या घरी न जेवलेली पुतळी

पुतळे,

हे तुला किमया वाचून दाखवेल. मध्ये बोलायचं नाही, शेवटपर्यंत ऐकायचं. पेणच्या बाजारात तुझ्याबद्दल काय काय चाललंय ते तुझ्या कानावर आहेच. एक म्हणतो, पुतळीनं परदेशात जाऊन जावयाचा खून केला. दुसरा म्हणतो, तिच्या अंगात देवी आली होती. एका शहाणीनं परवा मला सांगितलं की तू हॉटेलचं जेवण आवडलं नाही म्हणून मारामारी केलीस. मी तिला तिथंच झापलं. पण एकेकीला कुठवर झापत बसू? माझं वय झालं. म्हणून एकदाच लिहून टाकते. जे तुझ्याकडून आणि किमयाकडून ऐकलं तेवढंच लिहिते, आणि तुला देवी करणार नाही. तू देवी नाहीस. चुकलं तर येऊन शिवी दे. मात्र 'तू असं केलंस, तू तसं केलंस' म्हणत बसले तर गोष्ट पुढं जायची नाही, तेव्हा आता तुला पुतळी म्हणते आणि लोकांना सांगते.

तर पुतळी वडखळच्या पलीकडच्या खाडीकाठची. आईबाप मिठागरावर, सासूसासरे मिठागरावर, नवरा काळुराम मिठागरावर. लग्न झालं तेव्हा ती एवढीशी होती, पण डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांधावरून चालली की बाप्ये बाजूला होत. हात असे की तांदळाची भाकरी पोळपाटाला न टेकवता, दोन तळव्यांत थापून पातळ करायची. काळुरामही अंगानं दणकट, कामाला वाघ. आणि रोज संध्याकाळी प्यायचा.

प्यायला की मारायचा. का मारायचा हे विचारू नका, मी विचारलं होतं. तो म्हणाला, "आमच्या बापसानं आयशीला मारला, मी हिला मारला." जणू सातबाराच उतरवून घेतला होता. ओल्या दोरानं मारायचा, चपलेनं मारायचा. एकदा तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, ती खूण केसांत अजून आहे. पुतळी सोसत होती, कारण सगळ्याच सोसत होत्या. मग तिला दिवस गेले. सातवा लागला होता. काळुरामनं पोटात लाथ घातली आणि पोर गेलं. मुलगा होता. खाडीच्या कडेला पुरला.

ती बरी होऊन कामावर गेली. त्याच आठवड्यात काळुराम मिठागरावर, सगळ्यांच्या देखत, तिला शिवी देत पाय उचलून आला. पुतळीच्या हातात मीठ ओढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं होतं. तिनं ते आडवं फिरवलं आणि त्याच्या गुडघ्यावर हाणलं. गुडघा उलटा वाकला, कातडी फाटली. काळुराम मिठात पडला, आणि जखमेत मीठ गेल्यावर माणूस कसा ओरडतो ते त्या दिवशी साऱ्या खाडीनं ऐकलं. तिनं पुन्हा फावडं उचललं. चौघांनी धरली म्हणून तो वाचला.

काळुराम जन्माचा लंगडा झाला. दारू सुटली नाही, पण मारणं सुटलं. दोघं एकाच घरात राहिली. त्यांच्यात प्रेम होतं का, असलं काही मला विचारू नका. ती पेणच्या बाजारात मासळी विकायला बसायला लागली तेव्हा घरचा भात तो शिजवायचा, एवढं मला ठाऊक आहे. माझी तिची ओळख त्याच बाजारातली. जिताडं तिच्याइतकं ताजं कुणाकडे नसायचं, आणि भाव केला तर ती म्हणायची, "बाई, शिकल्यात ना तुमी? मंग माशाला डोला असतो तो बघा, तोंड कशाला चालवता?"

किमया ही त्यांची एकुलती. पोर हुशार, नर्सिंग केलं. रोह्याचं स्थळ आलं. मुलगा मिथुन, इंजिनियर, आधी तिथल्याच कंपनीत शिफ्ट करायचा, मग स्पेनमध्ये माद्रिदला कुठल्याशा डिझाईन ऑफिसात लागला. रोह्याच्या लोकांनी मानपान दाबून करून घेतला. भांडी मात्र पुतळीनं स्वतःच्या हौसेनं दिली. पितळेची, तांब्याची, मासळीच्या पैशाची. ती परदेशात कोण नेणार? राहिली रोह्याला सासरीच.

किमयाला दिवस गेले, आणि बाळंतपणाला आईनं जायचं ठरलं. पुतळी विमानात बसली. आता मुद्दा ऐका, कारण सगळं यावरच आहे. आपल्याकडं पूर्वी पाळायचे, तिच्याकडं अजून पाळतात: नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरचं अन्न आईबापानं तोंडात घालायचं नाही. मी तिला सांगितलं, "अगो, सात समुद्रापलीकडे कोण बघायला येतंय?" ती म्हणाली, "बाई, नेम पाळायला कोनी बघाया लागतं का?" तिनं बरोबर तांदळाचं पीठ नेलं, तांदूळ नेले, सुकट नेली, मीठसुद्धा नेलं. एक टोप नेला. विमानतळावर ती सुकट कशी सुटली ते देवाला माहीत.

माद्रिदच्या त्या फ्लॅटात पुतळी आपला टोप वेगळा चढवी, आपली भाकरी थापी आणि खाली बसून खाई. सुकटीचा वास खिडक्या बंद असलेल्या घरात काय घुमला असेल! मिथुन पहिले काही दिवस नाक मुरडून गप्प होता. मग एकदा ऑफिसातून आला आणि सुकटीची पिशवी, पीठ, तांदूळ, सगळं उचलून खाली कचऱ्यात टाकून आला. तोंडानं मात्र गोड. "आई, इथे असं चालत नाही. शेजारी तक्रार करतात. आमच्या घरी काय कमी आहे तुम्हाला?"

पुतळी म्हणाली, "चुकलं, जावईबापू."

दुसऱ्या दिवशी सकाळी किमयाच्या दंडावर पाच बोटं उठलेली होती, काळीनिळी. पुतळीनं बघितली. किमया म्हणाली, कपाट लागलं. पुतळीनं आयुष्यभर असलीच कपाटं लागलेली बघितली होती. तरी तिनं मनाशी काय धरलं? तर आपल्या सुकटीपायी पोरीला मार पडला. आपण गप्प राहिलो, नेम पाळून बाजूला राहिलो, की जावई निवळेल. एवढी मिठागर गाजवलेली बाई, आणि ही चूक केली! जावयाचा मान म्हणून आपल्या बायकांच्या डोळ्यांवर जी झापड असते, ती दुसरं काय?

आता तिच्याजवळ स्वतःचं असं काही उरलं नव्हतं. ती नुसतं नळाचं पाणी पिऊन राहिली. किमया रडली, पाया पडली. मिथुनला भीती वाटली की म्हातारी उपाशी पडून मेली तर रोह्यात तोंड काय दाखवायचं. तो म्हणाला, "चला, हॉटेलात जाऊ. हॉटेल काही लेकीचं घर नाही. एका बाईचं आहे, व्हेनेझुएलाची आहे. तिच्याकडे तुमच्यासारखी भाकरी मिळते."

हॉटेल कसलं, गल्लीतली एक लांबट खोली. पाचसहा टेबलं, भिंतीवर पिवळा, निळा, लाल असा झेंडा. मालकीण मारिएला, पन्नाशीची, थोराड, डोक्याला फडकं बांधलेली. एका टोकाला उघडाच ओटा आणि त्यावर हा मोठा लोखंडी तवा. ओट्याशेजारी शोभेला ठेवलेलं लाकडी उखळ आणि पुरुषभर उंचीचं मुसळ. तिच्या देशात पूर्वी मका त्यात कांडायचे म्हणे. पुतळीनं आत शिरताच ते बघितलं आणि पहिल्यांदा हसली. "ह्यांच्याकडं बी कांडाप हाय गो!"

दुपारची वेळ, गर्दी बरी होती, ओट्यालगतचं टेबल मिळालं. मिथुननं इंग्रजीत मागवलं, मारिएलाला इंग्रजी धड येईना, तेव्हा किमयानं स्पॅनिशमध्ये सांगितलं. ती क्लासला जाऊन शिकली होती. मिथुनला गरज पडली नव्हती, त्याचं ऑफिस इंग्रजीत. मग आली ती भाकरी. आरेपा म्हणतात. मक्याच्या पांढऱ्या पिठाची, तळहाताएवढी, बोटभर जाड. मधोमध चिरून आत मटणाचे धागे, काळ्या घेवड्याची उसळ, तळलेलं पिकं केळं आणि वरून किसलेलं चीज.

पुतळीनं ती उलटी करून बघितली. "ही भाकर? हिला दिवस गेलेत वाटतं."

किमया फिसकन हसली. मारिएलानं विचारलं काय झालं. किमयानं सांगितलं. मारिएला कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुझ्या आईला सांग, माझ्या देशात बारीक भाकरी आजाऱ्याला देतात."

"नि आमच्यान जाडी भाकर सवतीला देतात, सांग तिला!"

दोन्ही बायका हसल्या. पण पुतळी खाईना. मिथुन म्हणाला, "आई, आता काय?" ती म्हणाली, "तुमी पैसं देनार जावईबापू. मंग ते लेकीच्याच घरचं झालं." मिथुनच्या जबड्याची शीर उडायला लागली. किमयानं घाईघाईनं मारिएलाला तो नेम समजावून सांगितला. मारिएलाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग तिला म्हणावं, ये, माझ्या तव्यावर काम कर. कामाचं जेवण कुणाचं नसतं."

हे पुतळीला पटलं. ती पदर खोचून ओट्यामागं गेली. हात धुतले, मक्याचं पीठ मळलेलं घेतलं आणि दोन तळव्यांत थापायला लागली. ते पीठ तांदळासारखं नाही, कडेला चिरत होतं. तिनं पाणी लावलं, पुन्हा थापलं, आणि त्या जाड भाकरीची ताटाएवढी पातळ भाकरी करून तव्यावर टाकली. टेबलांवरचे लोक वळून बघायला लागले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मारिएलानं तिच्या पाठीवर थाप मारली आणि किमयाला ओरडून विचारलं, "तुझ्या नवऱ्याला येतं का यातलं काही?"

किमया म्हणाली, "त्याला पाणी उकळता येत नाही." स्पॅनिशमध्ये म्हणाली. शेजारची दोन टेबलं खळाळून हसली.

मिथुनला शब्द कळला नाही. पण हसणारे आपल्याकडे बघून हसतायत हे कुणालाही कळतं.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. चेष्टा."

"माझ्यावर?"

त्यानं टेबलाखालून तिचं मनगट धरलं आणि पिळलं. ती "सोड ना" म्हणाली. त्यानं दुसऱ्या हातानं काटा उचलला आणि तिच्या पालथ्या हातावर टेकवून दाबला. चेहरा हसराच ठेवला होता. रक्त आलं. किमया उभी राहायला गेली तशी त्यानं तिच्या खुर्चीला लाथ घातली. आठवा महिना. ती कुशीवर जमिनीवर आली, ताटली फुटली.

मिथुन उठला. त्यानं पाय उचलला.

पुतळी सांगते, तिला मिथुन दिसलाच नाही. तो पाय दिसला, एवढंच.

तिनं मुसळ कधी उचललं ते मारिएलालाही कळलं नाही. पहिला घाव नडगीवर बसला. वाळलेला वासा मोडावा तसा आवाज आला आणि मिथुन कोसळला. दुसरा खांद्यावर. तो हात वर करून मराठीत ओरडत होता, "आई, नको, आई, नको!" ती म्हणाली, "कोनाची आई रं?" आणि मुसळ दोन्ही हातांनी डोक्यावर घेतलं. तिसरा घाव त्याच्या कवटीवरच बसणार होता. मारिएलानं मागून मिठी घातली, एका गिऱ्हाईकानं मुसळ धरलं. तिघं मिळून तव्यावर आदळली, मारिएलाचं कोपर भाजलं, तरी तिनं मिठी सोडली नाही.

पोलीस आले. एक पुरुष, एक बाई. मिथुन जमिनीवर विव्हळतोय, किमया भिंतीला टेकून पोटावर हात धरून बसलीय, आणि साडीतली एक म्हातारी मधोमध उभी, हाताला पीठ. पोलिसांनी पुतळीच्याच हातात बेडी घातली. दुसरं काय करतील? मग विचारपूस सुरू झाली. पुतळीला फक्त मराठी, मिथुनला इंग्रजी, पोलिसांना स्पॅनिश. दोन्हीकडचं येणारी एकच, किमया. पोलीसबाई तिच्याजवळ उकिडवी बसली.

मिथुन दात आवळून मराठीत बोलला. "सांग, आई वेडी झालीय. सांग, अचानक अंगावर आली. तू पाय घसरून पडलीस. किमया, तुझा व्हिसा माझ्यावर आहे. मूल झालं की ते माझं आहे. नीट सांग."

पुतळीला कळत होतं. पोरगी आता जे बोलेल त्यावर सगळं होतं. नवऱ्याच्या बाजूनं बोलली तर पुतळी तुरुंगात, आणि किमया त्या फ्लॅटमध्ये, त्या पायाजवळ, पोटातल्या पोरासकट. आणि बेडी घातलेली आई तिला सोडवायला येऊ शकणार नाही. तरी तिनं खरं बोल, खोटं बोल, काही म्हटलं नाही. म्हणाली एवढंच, "पोटात दुखतंय का गो? हालतंय का तं?"

"हालतंय, आये."

"मंग झाला."

किमयानं पोलीसबाईकडं बघितलं. रक्त आलेला हात पुढं केला. मग गाऊनची बाही खांद्यापर्यंत वर सरकवली. मग पाठ वळवून चेन खाली ओढली, आणि तिथं पुतळीनंही न बघितलेल्या जुन्या नव्या खुणा होत्या. बोलली ती नंतर. बराच वेळ बोलली, न रडता. पुतळीला त्यातलं अक्षर कळलं नाही. मिथुनलाही कळलं नाही, आणि तो ओरडत राहिला, "काय सांगतेयस? काय सांगतेयस तू?" मारिएला भाजलेलं कोपर ओल्या फडक्यात धरून मध्ये मध्ये तावातावानं भर घालत होती. सगळी टेबलं साक्षीदार झाली.

मिथुनला स्ट्रेचरवरून नेलं, बरोबर पोलीस. पुतळीलाही नेलं. परदेशचं पोलीस ठाणं तिनं बघितलं, कोर्टही बघितलं. न्यायाधीशानं तिला विचारलं, पश्चात्ताप होतो का? किमयानं मराठीत सांगितलं. पुतळी म्हणाली, "तिसरा राहिला त्याचा होतो." किमयानं स्पॅनिशमध्ये काय सांगितलं ते तिनं मला आजवर सांगितलेलं नाही. पण आईला सोडलं. मिथुनला किमयाच्या जवळपास फिरकायची बंदी घातली आणि त्याच्यावर खटला उभा राहिला.

मुलगी झाली, दिवसांआधी, मुठीएवढी. नाव मनस्वी. मारिएला दवाखान्यात काळ्या घेवड्याचं कढण घेऊन आली. पुतळीनं नात बघितली, मग वाटी तोंडाला लावली.

तिघी पेणला परत आल्या त्यानंतर पंधरवडा गेला नसेल. मिथुनचा काका हरेश रोह्याहून जीप भरून माणसं घेऊन आला. दारात उभं राहून घाणेरडं बोलला, पोर आमची आहे, बाहेर काढा म्हणाला. पुतळी बाजारात होती. घरात किमया, बाळ आणि लंगडा काळुराम. काळुराम उंबऱ्यात बसला आणि लुंगी गुडघ्यावर घेतली.

"या, फुडं या," तो म्हणाला. "पन आधी हा पाय बघा. हिनं मोडला. तुमच्या पोराचा बी हिनंच मोडला. आता कोनाचा नंबर हाय त्याचा नाव सांगा, म्हंजे ती येईसतंवर मी सांगून ठेवतो."

माणसं हसली, आणि हसली तिथंच त्यांचा जोर गेला. हरेशनं जाता जाता दगड मारला. तो काळुरामच्या कपाळात बसला. सहा टाके पडले. म्हातारा तसाच, रक्तानं डोळा मिटून, उंबऱ्यातून उठला नाही. ज्याच्या लाथेनं एक पोर गेलं, तो या पोरीसाठी बसून राहिला. मी त्याला माफ केलेलं नाही, पण हे लिहायला हवं.

किमया आता पेणच्याच एका दवाखान्यात आहे. डोलवीच्या कारखान्यातले भाजलेले, चेचलेले कामगार येतात, त्यांची मलमपट्टी करते. घटस्फोटाचं चाललंय.

यंदा दिवाळीनंतर पुतळी माझ्याकडे आली. "बाई, रोह्याला जायचंय. भांडी आनायची. माझ्या कष्टाची हायत. तुमी शिकल्याल्या, तुमी बोला. मी उचलते." मला पटलं. भांडी कशाला सोडायची त्या लोकांना? मी ओळखीच्या नितेशचा टेम्पो सांगितला. सोमवारी सकाळी निघालो. पुतळीनं भांडी बांधायला म्हणून गोणपाटाची गुंडाळी घेतली होती. नागोठण्याला चहाला थांबलो. नितेशला मागं जागा करायची होती, म्हणून मी ती गुंडाळी उचलली. जड लागली. उलगडली. आत कोयता होता, नुकता धार लावलेला.

"हा कशाला गो?"

"सुतळी कापाया."

"सुतळी कापायला एवढा?"

ती चहा फुंकत राहिली. मग म्हणाली, "तो आलाय. शनिवारी आलाय माद्रिदशी. काठी घेऊन चालतो, सांगत हुते."

"आणि तू मला हे आज सांगतेस?"

"तुमाला सांगितला असता तं तुमी आल्या असत्या?"

"पुतळे, किमया सुटली. पोर वाचली. आता काय राहिलं?"

"तिसरा," ती म्हणाली.

मी नितेशला म्हटलं, टेम्पो फिरव. पुतळी म्हणाली, "तुमी उतरा बाई, एसटीनं जा घरी. मी जाते फुडं." मी कोयता गोणपाटात गुंडाळला, सीटवर ठेवला आणि त्यावर बसले. मी सत्तरी उलटलेली बाई, तिनं ढकलली असती तर पडले असते. तिचा हात उचललाही गेला. माझ्या खांद्यापर्यंत आला, आणि तिथंच थांबला.

नितेश वळून आम्हा दोघींकडे बघत होता. "बाई, नक्की कुठे जायचं? रोहा की पेण?"

पुतळीनं हात खाली घेतला. "पेण," मीच म्हटलं. भांडी अजून रोह्यालाच आहेत.